पेन्सिलीने, समासात

सकाळची फेरी पावणेनऊला संपते.
बस शाळेमागे उभी करते, इंजिन गोठू नये म्हणून
त्याची वायर भिंतीतल्या प्लगला लावते.
बाहेर उणे एकतीस. सास्काचेवानात याला थंडी म्हणत नाहीत,
जानेवारी म्हणतात.
मग सीटांखालून गोळा करते
एक हातमोजा, अर्धं सफरचंद,
आणि पुन्हा एक पुस्तक.
जाडजूड. पानांच्या कडा काळ्या रंगवलेल्या.
मुखपृष्ठावर खंजीर, खंजिराला गुलाब.
हल्ली सगळ्याच खंजिरांना गुलाब लागतात.

मी व्हर्ना ह्रित्साक, वय एकसष्ट,
बावीस वर्षं सात नंबरची बस.
साडेतीनपर्यंत मला कुठे जायचं नसतं.
म्हणून वाचते.

पहिल्या पानावर नकाशा.
शापित अरण्य, अस्थींचं आखात, सात राजवाडे,
आणि शेत एकही नाही.
एवढं सैन्य जेवतं काय?
मी गव्हाच्या मुलखातली बाई,
मला हेच आधी दिसतं.

नायक पाचशे वर्षांचा, दिसायला बावीसचा.
पाचशे वर्षांत त्याला अंडं उकडता आलं नाही,
'चुकलो' म्हणता आलं नाही,
आणि आता सतरा वर्षांची पोर
चारशे पानांत त्याला माणसात आणणार.
माझ्या रॉनला माणसात आणायला
मला एकतीस वर्षं लागली,
आणि तो काही अमर नव्हता.

प्रत्येक सराईत एकच खोली रिकामी,
खोलीत एकच खाट.
पण खोटं कशाला बोलू,
त्या खाटेपाशी आल्यावर
मी सँडविच बाजूला ठेवलं.

पान दोनशे बारा. राजपुत्र तिचं मनगट धरून
भिंतीशी नेतो, तिचे गुडघे वितळतात.
मी समासात लिहिलं, पेन्सिलीने:
हा धमकावतोय. याला प्रेम म्हणत नाहीत.
आणि पुस्तक होतं तिथे ठेवून दिलं.

गुरुवारी ते पुन्हा सीटखाली.
जांभळ्या शाईत उत्तर:
पुढे वाचा. तो बदलतो.
मी खाली लिहिलं: असं सगळ्याच म्हणतात.

हे चालू राहिलं. नोव्हेंबर, डिसेंबर, चार पुस्तकं.
ड्रॅगनवर आमचं एकमत, त्यांना कुणी खायला घालत नाही.
दोन मुलगे आणि एक मुलगी या प्रकारावर भांडण.
तिचा जीव सावळ्या, दुष्ट, कविता म्हणणाऱ्यावर.
माझा त्या दुसऱ्यावर,
जो नेहमी तिसऱ्या भागात मरतो
आणि ज्याला घोड्याचा नाल ठोकता येतो.

कोण ते मला ठाऊक होतं.
शेवटचा थांबा, वृद्धाश्रमामागची घरं,
जॅनेल माकाराएग. आई तिथे रात्रपाळीला.
उतरताना 'थँक यू', बस्स.
आरशात कधी डोळे भिडले
तर दोघी रस्ता बघायचो.

मग ते निळं पुस्तक आलं, ना खंजीर ना गुलाब.
त्यात मुलीची जादू मध्यावरच संपते
आणि परत येत नाही.
ती चालत घरी जाते. वाटेत पायाला फोड येतात.
घरी सवयीने दोन कप मांडते,
एक उचलून परत फळीवर ठेवते.
चाळीस पानं माझी पेन्सिल हलली नाही.
त्या कपापाशी फक्त लिहिलं: रॉन.
दोन दिवसांनी त्याखाली जांभळ्या शाईत
एक नाव होतं,
मला नीट उच्चारताही न येणारं.

काल ती उतरता उतरता पायरीवर थांबली.
बस रिकामी, दार उघडं, थंडी सरळ आत.
"तिची जादू परत येईल, असं वाटतं तुम्हाला?"

"नाही आली तर पुस्तक चांगलं," मी म्हटलं.
"पण येईल. ऑक्टोबरात दुसरा भाग आहे,
तो त्यांना विकायचाय."

ती हसली. दात तारांनी बांधलेले,
हे मला आजवर माहीत नव्हतं.